ताईच्या फ्रेमला नेट कुठलं?

माझी मोठी बहीण सावनेरला राहते आणि मी नागपूरला. तासाभराचा रस्ता. पण तो रस्ता आमच्या दोघींच्या मध्ये कधी आलाच नाही, कारण दुपारी चारला मी चहा टाकला की ताईचा फोन यायचाच. "काय करून राहिली वं?" एवढं विचारायचं, उत्तराची वाट पाहायची नाही, आणि मग अर्धा तास आपणच बोलत सुटायचं, अशी तिची पद्धत. भाऊजी कोळसा खाणीत होते, ते गेल्यावर ती घर सोडून कुठे गेली नाही. मूलबाळ नाही. माझा मुलगा तिच्याच अंगाखांद्यावर वाढला. तेव्हा माझ्या घरातलं सगळं तिला कळलंच पाहिजे आणि तिच्या गल्लीतलं सगळं मला ठाऊक असलंच पाहिजे, हे ठरलेलंच होतं. फोन ठेवेपर्यंत दोघींचाही चहा गार होऊन जायचा.

तीनेक वर्षांपूर्वी तिचे कान गेले. आधी हळूहळू, मग एकदम. कानाचं मशीन आणलं, पण ते घातलं की कुई करायचं, आणि नळाखाली भांडं धरलं तर म्हणे डोक्यात कोणी घण घालतंय असं वाटायचं. मशीन कपाटात गेलं ते गेलंच. मी फोनवर ओरडायची. आमच्या अपार्टमेंटच्या तिन्ही मजल्यांना माझ्या सुनेचं डोहाळजेवण कधी आहे ते कळलं, ताईला मात्र कळलं नाही. ती भलतंच उत्तर द्यायची, मी चिडायची, ती माझ्या चिडण्याचंही भलतंच उत्तर द्यायची. शेवटी एक दिवस तीच म्हणाली, "तुहा गळा जाईन ओरडून ओरडून, अन् मले समजत तं काहीच नाही. राहू दे आता फोन."

आणि फोन राहिला. मी रोज चार वाजता गरम चहा पिऊ लागले. वाईट लागायचा तो मला. साठीला आलेल्या बाईनं बहिणीचा फोन येत नाही म्हणून डोळ्यात पाणी आणावं हे शोभत नाही, पण येत होतं, त्याला काय करणार?

तुम्ही म्हणाल, स्मार्टफोन द्यायचा. दिला होता. पण तेवढ्यात त्यांच्या गल्लीतल्या एका रिटायर्ड मास्तरांना कोणी तरी फोनवरून फसवलं, आणि ताईनं कानाला खडा लावला. काचेचा फोन घरात नको. तिनं तो आमच्या पिशवीत परत घातला आणि बटणांचा जुना फोन पदरानं पुसून जवळ ठेवला. त्या दिवसापासून काच दिसली की तिचा पहिला प्रश्न, "यात बँकेचं काही नाही ना?"

डिजिटल फोटो फ्रेम मी पहिल्यांदा पाहिली ती आमच्या भिशीतल्या एकीच्या घरी. टीव्हीशेजारी एक काच उभी, तीत एकामागून एक फोटो येताहेत, आणि त्यातला एक तिच्या मुलानं सकाळीच परदेशातून पाठवलेला. ना काही दाबायचं, ना उचलायचं, ना ऐकायचं. बाकीच्या बायका कचोरी खात होत्या. माझ्या डोक्यात मात्र सावनेर फिरू लागलं. ताईचे डोळे ठणठणीत आहेत. चष्मा लावून रोजचा पेपर श्रद्धांजलीच्या पानापर्यंत वाचते ती.

घरी येऊन यजमानांना सांगितलं आणि तिथेच चूक झाली. आमचे हे सरकारी खात्यात नकाशे काढायचे. रिटायर झाले तरी प्रत्येक गोष्टीचा आधी नकाशा काढतात. आमच्याकडे मिक्सर घ्यायचा तरी आठवडाभर अभ्यास चालतो. फ्रेमचाही सुरू झाला. मी म्हटलं, "अहो, सुंदरशी एक आणू या, मोठ्या काचेची." त्यावर ते चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "काच सगळ्यांचीच बरी असते. फोटो आत जाणार कुठून ते आधी सांग."

सदर बाजारातल्या दुकानातही तेच. दुकानदार बोलका माणूस. समोर चार फ्रेमा मांडल्या आणि म्हणाला, "मॅडम, डिझाइन बादमें बघा. पहिले सांगा, जिथं लावायची तिथं नेट आहे का?" मी म्हटलं, नाही. त्यानं दोन फ्रेमा उचलून मागे ठेवल्या. "मग या दोन बघा. पेनड्राइव्हवाली, नाही तर कार्डवाली. फोटो भरा, लावा, चालू. ना वायफाय, ना पासवर्ड, ना झंझट." एकीत ब्लूटूथही होतं. हे त्यावर खूश झाले, कारण त्याचा खोका जास्त चकचकीत होता. मी विचारलं, ब्लूटूथ किती लांबून चालतं? तर म्हणे खोलीतल्या खोलीत. आता एकाच खोलीत बसून फोटो पाठवायचा असेल तर फोन हातात देऊन दाखवता येत नाही का? यांनी तो चकचकीत खोका परत ठेवला, दुकानदार हसत होता.

तर पेनड्राइव्हवाली घेतली. यांचं मत पक्कं होतं की जितक्या जोडण्या कमी तितकी कटकट कमी. आणि ताईच्या प्रश्नाला ठोस उत्तर होतं: यात बँकेचं काही नाही, यात कोणाचंच काही येऊ शकत नाही.

सावनेरला नेली तेव्हा पहिला वाद झाला तो जागेवरून. हे खिळा आणि हातोडी घेऊनच आले होते. भिंतीवर भाऊजींचा हार घातलेला फोटो, त्याच्या शेजारी सासूसासऱ्यांचे. तिथली मोकळी जागा यांना फार आवडली. ताई एवढ्या जोरात ओरडली की यांच्या हातून खिळा पडला. "जवाईबापू! त्या भिंतीवर गेलेली माणसं राह्यते. माह्या नातीले तिथी लटकवता काय?" जित्या माणसांचा फोटो त्या भिंतीवर चालत नाही हे यांना लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नव्हतं. फ्रेम शोकेसवर ठेवली, टीव्हीच्या बाजूला. ताईनं तिला हळदकुंकू वाहिलं, आणि मग आम्ही तिघं ओळीनं बसून आमचेच फोटो बघत चहा प्यायलो.

पुढच्या वेळी गेले तर ती फ्रेमकडे पाठ करून शेंगा सोलत होती. "आता तू येशीन हिरव्या साडीत," ती मागे न बघता म्हणाली. मी वळून बघितलं, मी हिरव्या साडीत आले. "आता जवाईबापू दात काढते." यांनी दात काढले. "आता पोरगी न्हाऊन राहिली." नात टबात. सगळी रांग तिला पाठ झाली होती. फोटोंमधली नात टबात बसलेली आणि खरी नात बंगलोरला घरभर धावायला लागलेली. नवे फोटो घालायचे तर पेनड्राइव्ह घेऊन सावनेरला जायला हवं, आणि सावनेरला जायचं तर मग फोटोच कशाला, मीच दिसते की समोर. मला हवं होतं ते हे नव्हतं. मला आजचं आज तिच्यापर्यंत पोचवायचं होतं.

पुन्हा सदर. दुकानदारानं ओळखलं. या वेळी मागे ठेवलेल्या दोन पुढे आल्या. यांच्या तोंडात आता सगळे शब्द बसले होते. सिमकार्डवाली फ्रेम मागवून मिळेल म्हणे, पण ताईच्या खोलीत मोबाइलची रेंज कशी? मी सांगितलं, तिथे बटणाच्या फोनलाही दारापुढच्या ओट्यावर जावं लागतं. शिवाय त्याचा रिचार्ज कोणी तरी लक्षात ठेवून मारायचा. ती बाद. मग वायफायवाली. हिचं ॲप आपल्या फोनमध्ये असतं, जगात कुठूनही फोटो टाकला की इंटरनेटवरून फ्रेममध्ये जाऊन बसतो. मुलगा, सून, मी, सगळ्यांना त्यात घेता येतं, आणि परक्याला आपण घेतल्याशिवाय शिरता येत नाही. हे शेवटचं मी दोनदा विचारून घेतलं, ताईच्या वतीनं. "अन् पेनड्राइव्हची जागा पण आहेच," दुकानदार म्हणाला, "नेट गेलं तर फोटो तो दिसतील." तो गुण यांना एकदम पटला, कारण त्यामुळे यांची पहिली निवड चुकली असं म्हणता येत नव्हतं. पहिली फ्रेम आमच्या हॉलमध्ये आली. हे अजून तीत दात काढतात.

प्रश्न उरला नेटचा. ताईकडे लाइन घ्यायची म्हटलं तर तिनं हातच झटकले. "एका फोटूसाठी घरात वायर नको." पण तिच्या माडीवर भाडेकरू आहेत. नवराबायको, लहान वयाचे. तो रोज कळमेश्वरच्या कारखान्यात जातो, ती पांढुर्ण्याकडची, घरी ब्लाउज शिवते. त्यांच्याकडे वायफाय आहे. ती लगेच म्हणाली, "घ्या ना काकूंसाठी, त्यात काय." हे खाली फ्रेम हातात घेऊन खोलीभर फिरले, अंगात आल्यासारखे. शोकेसवर नेट येईना. मधे स्लॅब. शेवटी जिन्याकडच्या खिडकीपाशी आलं. तरी फ्रेम ते नेट घेईना, कारण माडीवरच्या वायफायच्या डब्यातून एकाच घरची दोन नेटं निघत होती, एक वेगवान आणि एक हळू, आणि यांनी साहजिकच वेगवान निवडलं होतं. फ्रेमला ते हळूवालंच कळतं, आणि भिंतीतून पार जायलाही तेच बरं, हे खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते मी वाचलं. मी ते यांना अजून विसरू दिलेलं नाही.

ताईनं एकच अट घातली. दुसऱ्याच्या घरचं नेट फुकट घ्यायचं नाही. पैसे त्या मुलीनं घेतले नसते, तेव्हा डबा जायला लागला. कधी गोळाभात, कधी पाटवड्या. आणि तो डबा वरून कधी रिकामा आला नाही. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नाही तर चार दाणे साखरेचे घालतात, पण भांडं मोकळं जात नाही. आईनं आम्हा दोघींना चालायच्या आधी हे शिकवलं असेल. त्या मुलीच्या आईनंही शिकवलेलं दिसत होतं. डबा खाली यायचा तो कधी तिळाची चटणी घेऊन, कधी दोन लिंबं घेऊन. जिन्यावरून ही ये-जा सुरू झाली आणि ताईला बोलायला माणूस मिळालं.

आणि मला ताई मिळाली. निदान मला तसं वाटलं. रोज चार वाजता मी एक फोटो पाठवायची. उकळत्या चहाचा. गॅलरीत वाळत घातलेल्या मुगवड्यांचा. यांनी चष्मा शोधताना तो डोक्यावरच असल्याचा. सांगण्यासारखं काही असलं की कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचं आणि त्या कागदाचाच फोटो: "शेजारणीच्या मुलाचं मोडलं." मुलगा नातीचे पाठवायचा. माझा चहा पुन्हा थोडा थोडा गार व्हायला लागला. मी खुशीत होते.

मग एका दुपारी ॲपवर आलं की फ्रेम बंद आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. फोटो जात होते, पण वाटेतच कुठे तरी अडकून बसत होते.

यांचा नकाशा लगेच तयार झाला. एप्रिल होता. यांचं पहिलं मत, ताईनं कूलरसाठी फ्रेमची पिन काढली असणार. दुसरं, वरच्यांनी पासवर्ड बदलला. तिसरं, नेटचा तो डबा बंद करून चालू करायला हवा. माडीवरच्या मुलीला फोन करून यांनी तिच्याकडून तो चार वेळा बंद-चालू करून घेतला. बिचारी करत राहिली. शेवटी मी फोन घेतला तर ती चाचरत म्हणाली, "मावशी, नेट तं चालूच आहे. तुम्ही एकदा इथी येऊनच जा ना." तिला म्हटलं, फोन खाली ताईला नेऊन दे. ताईनं घेतला, "कोन? मले ऐकू येत नाही," म्हणाली आणि ठेवला.

तिच्या त्या स्वरानं माझं धाबं दणाणलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ऊन चढायच्या आत निघालो.

खिडकीपाशी फ्रेम नव्हती. कूलरची पिन कूलरच्या जागी होती. ताईनं पाणी दिलं, गूळ दिला, यांना पंख्याखाली बसवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी मागे गेले. डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोललं तर तिला थोडं कळतं. "फ्रेम कुठे आहे?" मी ओरडले. तिनं कपाटाकडे बोट केलं. आत, भाऊजींच्या जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली, वायर व्यवस्थित गोल करून दोऱ्यानं बांधलेली.

मला असा राग आला! एवढे सदरला हेलपाटे, ते नेट, तो स्लॅब, आणि रोज चार वाजता मी वेड्यासारखी मुगवड्यांचे फोटो काढतेय. मी तिच्या कानात नुसतं "काहून?" असं ओरडले. माझ्या तोंडून 'का'च्या जागी सावनेरची बोली निघाली की मी खरी चिडलेली असते.

ताई कणीक मळत होती. मळता मळताच बोलली, माझ्याकडे न बघता.

"तू रोज पाठवून राहिली. तुहा चहा येते, वड्या येते, पोट्टी येते. अन् मी? मी नुसती घेऊन राहिली. आजवर कोनाचा डबा रिकामा पाठवला काय वं मी? वरची पोरगी चार लिंबं देते तं मी पाटवडी देते. तुले काय दिलं? तुले तं हेबी समजत नाही का मी पाह्यलं का नाही पाह्यलं. खिडकीपाशी बसून भिकाऱ्यावानी घेतच राहू काय? म्हणून ठेवली बांधून."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. मला वाटत होतं मी तिच्याशी बोलतेय. बोलत काय होते, मी तिच्या दारात रोज एक भरलेला डबा ठेवून पळून येत होते. आणि चार वाजता त्या खिडकीपाशी तिला माझ्यापेक्षा जास्त एकटं वाटत होतं.

बाहेर येऊन यांना सांगितलं. यांनी पंख्याखालून खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाले, "म्हणजे जोडणी एकाच बाजूनं होती." असं म्हणून त्यांनी पिशवीतून फ्रेमबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक काढलं. ते त्यांनी सोबत आणलं होतं, आणतातच. पानं उलटत उलटत एका चित्रावर थांबले. फोटोवर बोट टेकवलं की कोपऱ्यात पत्त्यांतल्यासारखा एक बदाम उमटतो आणि पाठवणाऱ्याच्या फोनवर तसा निरोप जातो. आम्ही दोघांनीही ते आधी वाचलं होतं, आणि लहान मुलांचा खेळ म्हणून सोडून दिलं होतं. ताईला सांगायचं आमच्या मनातही आलं नव्हतं.

टॉवेल सोडला, वायर सोडली, फ्रेम पुन्हा खिडकीपाशी लावली. वाटेत अडकलेले सगळे फोटो एकापाठोपाठ एक धडाधड आले. मी ताईचं कणकेचं बोट धुवून घेतलं, पुसलं आणि मुगवड्यांवर टेकवलं. बदाम उमटला, लाल. माझ्या पर्समध्ये फोन वाजला. तिला तो ऐकू येणार नव्हता, म्हणून मी फोन काढून तिच्यापुढे धरला. माझ्याच मुगवड्या, आणि खाली तिच्या फ्रेमचं नाव, बदामासकट.

"हे मी धाडलं?"

मी मान हलवली.

"तू नागपूरले असली तरी जाईन?"

मी पुन्हा मान हलवली. ताईनं फोनकडे बघितलं, फ्रेमकडे बघितलं, मग यांच्याकडे. "नुसता बदाम?" असं म्हणून जरा नाक मुरडलं. मग विचार करून म्हणाली, "बरा आहे. रिकामा तं नाही म्हणता येत." आणि नातीच्या फोटोवर तिनं एवढे बदाम लावले की माझा फोन थांबेचना. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा हे स्वतःवर इतके खूश होते की त्यांनी तिसरी पोळी मागून घेतली.

त्यानंतर ताईची बदामांची एक भाषाच झाली. एक म्हणजे पाहिलं. दोन म्हणजे चहा झाला, आता निवांत बसलेय. नातीला मोजदाद नाही. यांच्या फोटोला कधी एकाहून जास्त नाही, आणि हे ते मनाला लावून घेतात. मी एकदा नवीन साडी नेसून फोटो पाठवला, तर बदामच आला नाही. तासभर वाट पाहून मी ती साडी बदलली. नंतर भेटल्यावर विचारलं तर म्हणाली, "तो रंग तुले कधीच शोभला नाही." आता मला सांगा, कान असलेली किती माणसं इतकं नेमकं बोलतात?

गेल्या नवरात्रात मला ताप आला. नागपुरात सगळ्यांनाच येत होता. अंग मोडून आलेलं, डोकं जड. दुपारी मी पडून होते, हे औषध आणायला गेले होते. चार वाजून गेले आणि माझ्या काही ते लक्षातही आलं नाही. ग्लानीत ऐकू येत होतं ते एवढंच की उशाशी फोन टुंग करतोय. थोडं थांबून पुन्हा टुंग. डोळे किलकिले करून बघितलं तर कालच्या फोटोला बदाम. मग परवाच्या. मग त्याच्या आधीच्या. ताई मागे मागे चालली होती, एकेका फोटोवर बोट टेकवत, दार वाजवल्यासारखी. मला फोन उचलून फोटो काढायचंही त्राण नव्हतं.

मग फोन वाजला. तसा नाही, खराखुरा. पडद्यावर ताईचा नंबर. तो नंबर त्या पडद्यावर इतक्या दिवसांत आला नव्हता की मला आधी भासच वाटला.

"ताई!" मी होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"तू बोलू नको," ती म्हणाली. दारापुढच्या ओट्यावर उभी असावी, मागून गाडीचा हॉर्न ऐकू आला. मग दाराची कडी वाजली, माडीच्या जिन्यावरची पावलं, ती पोरगी काही तरी म्हणत होती. ताई तिच्याशीच बोलली, "तू फ्रेम वायरीसगट खिडकीवरून उचलून दारात धरून ठेव वं, मले इथून दिसली पाह्यजे." मग मला, "मले काही ऐकू येत नाही, तं तू बोलूच नको. मी बोलतो, तू ऐक. आज फोटू नाही आला तुहा. जीव थाऱ्यावर नाही माहा. बिमार असशीन तं डॉक्टरकडे जा. जवाईबापूच्या मतानं काढे पिऊन राहू नको. अन् ऐकून राहिली का नाही ते मले काही समजत नाही, पर ऐकतच असशीन."

ऐकत होते. उशी ओली होत होती आणि मी ऐकत होते. तिनं मला आणखी थोडं रागावून घेतलं, मग तिचा आवाज सैल पडला, आणि मग ती हळूच गल्लीत शिरली. मास्तरांची सून माहेरी गेली. देवीसमोर रोज गरबा असतो, पोट्ट्या अर्ध्या रस्त्यात नाचतात, आपल्याला काही ऐकू येत नाही म्हणून झोप मात्र छान लागते. बाजारात वांगी आली आहेत, काटेरी, पण तो वांगेवाला...

हे औषध घेऊन आले ते तेवढ्यात. दारातच थांबले. फोन माझ्या कानाशी, मी रडतेय, आणि फोनमधून ताईचा आवाज हॉलपर्यंत येतोय. एरवी या माणसाला काही सांगायचं तर नकाशा काढून द्यावा लागतो. त्या दिवशी एक शब्द सांगावा लागला नाही. खिशातून स्वतःचा फोन काढला, माझा फोटो घेतला, जसा होता तसा, विस्कटलेल्या केसांचा, आणि पाठवून दिला.

तिकडे वांगेवाल्यावर तोंडसुख चाललंच होतं. मग मधेच ताई थांबली. काहीच ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली.

"दिसली," ती म्हणाली. "दिसली वं तू. ऐकूनच राहिली होती." मग फोटो नीट निरखून बघितला असावा. "अन् रडून काहून राहिली?"

मी मान हलवली, जणू तेही तिला दिसणार होतं.

"बरं, रडणं झालं असन तं ऐक," ताई म्हणाली. "वांग्याचं सांगून राहिली होती मी."